साखरेपलीकडची खाती

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची चढउतार सुरू झाली, की त्या गावचा दिवस उगवतो. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि आत वळले की घोडेगाव, जुन्नर, ओतूर. या गावांत आपल्या समाजाची कापडाची, किराण्याची, भुसार मालाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अशा एखाद्या दुकानाच्या गादीवर बसलेले एक गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. चहा बिनसाखरेचा घेतात. खिशात एक छोटी वही असते आणि तिच्यात उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तारीखवार लिहिलेली असते. कोणी प्रकृती विचारली, की ते समाधानाने सांगतात, “माझी शुगर अगदी कंट्रोलमध्ये आहे.”

त्यांना विचारावे, रक्तदाब शेवटचा कधी मोजला? आठवत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी? डॉक्टरांनी दिली होती, परंतु पुढचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती त्यांनी स्वतःच बंद केली. लघवीतील प्रथिनांची तपासणी? ती करायची असते हेच ठाऊक नाही. आणि अशा गृहस्थांना एखाद्या दिवशी हृदयविकाराचा झटका आला, म्हणजे घरातील माणसे सुन्न होऊन एकच प्रश्न विचारतात, “साखर तर चांगली होती, मग हे झाले कसे?”

या प्रश्नाचे उत्तर व्यापारी माणसाला समजण्यास अवघड नाही. केवळ एक खाते जमेत आहे म्हणून पेढी सुस्थितीत आहे, असे कोणताही शहाणा व्यापारी मानीत नाही. उधारी किती, देणे किती, माल किती पडून आहे, हे सारे एकत्र पाहिल्यावरच खरी स्थिती कळते. मधुमेहाचेही तसेच आहे. साखर हे त्यातील एक खाते. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांचे भवितव्य आणखी चार-पाच खात्यांवर ठरते आणि ती खाती बहुधा उघडलेलीच नसतात.

घाट अरुंद होतो तेव्हा

जुन्नरकरांना नाणेघाटाची ओळख करून देण्याची गरज नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच अरुंद वाटेने जुन्नरला चढत असे. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर उभा आहे. जुन्नरची समृद्धी त्या वाटेवर अवलंबून होती. वाटेत दरड कोसळली, तर बाजारपेठ कितीही भरलेली असो, तिचा श्वास कोंडणारच.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या धमन्या अशाच अरुंद वाटा आहेत. धमनीच्या आतील बाजूस एक अत्यंत नाजूक, गुळगुळीत अस्तर असते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की त्या अस्तराचा गुळगुळीतपणा कमी होतो. वाढलेला रक्तदाब त्याच्यावर रात्रंदिवस आघात करतो. तंबाखू त्याला इजा करते. मग रक्तातील एल.डी.एल. हे घातक कोलेस्टेरॉल त्या अस्तराखाली शिरून साठू लागते आणि वर्षानुवर्षे त्याचे थर वाढत जातात. एके दिवशी असा थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. हृदयात घडले तर हृदयविकाराचा झटका, मेंदूत घडले तर पक्षाघात. मधुमेह असलेल्या व्यक्तीस या दोहोंचा धोका मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या सुमारे दुप्पट असतो.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. दरड एका कारणाने कोसळत नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही कारणे एकमेकांना बळ देतात. म्हणून त्यांतील एकाच कारणाचा बंदोबस्त करून भागत नाही.

सडपातळ देहातील चरबी

“मी कुठे जाड आहे?” हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. येथील नवजात बाळांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. येथील बाळे सर्व मापांत लहान होती. परंतु त्यांच्यात कमी होते ते मुख्यतः स्नायू, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, तरी अंगी चरबी अधिक, अशी ही भारतीय देहाची घडण जन्मापासूनच आढळते.

पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनाचा काटा भारतीय माणसाला कसा फसवतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला सांगितले.

म्हणून आपल्याकडे वजनाइतकेच महत्त्व कमरेच्या घेराला आहे. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर पोटातील चरबी वाढली आहे असे समजावे. त्यातच या दोन तालुक्यांचे जीवन एका पिढीत पालटले. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पाणी आणले. पाण्याने ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि पैसा आणला. भाकरीची जागा गव्हाने आणि मैद्याने घेतली, पायवाटेची दुचाकीने. ही समृद्धी कष्टाची आहे, तिचे स्वागतच आहे. मात्र तुटवड्यासाठी घडलेल्या देहाला सुबत्ता पचवणे जड जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच देहात नांदतात.

पाच खाती

मधुमेह असलेल्या प्रत्येक व्यक्तीने पुढील पाच खाती उघडावीत. येथे दिलेली उद्दिष्टे सर्वसाधारण आहेत. वृद्धांसाठी व इतर व्याधी असणाऱ्यांसाठी डॉक्टर ती बदलू शकतात.

पहिले खाते साखरेचे. रोजच्या नोंदीपेक्षा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी ही तपासणी अधिक बोलकी असते. बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांच्या खाली असावी.

दुसरे रक्तदाबाचे. उद्दिष्ट १३० आणि ८० च्या आत. तो मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, हात हृदयाच्या पातळीवर असावा; नुकताच चहा घेतलेला किंवा जिना चढून आलेले नसावे. डोके दुखत नाही म्हणून रक्तदाब नाही, हा समज अनेकांना महागात पडला आहे. हा आजार बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता आपले काम करीत राहतो.

तिसरे एल.डी.एल. कोलेस्टेरॉलचे. येथे मोठा गैरसमज आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून छापलेली मर्यादा सर्वसामान्य माणसासाठी असते. मधुमेहीसाठी उद्दिष्ट अधिक कडक, साधारणतः १०० च्या आत. धोका अधिक असल्यास ७० च्या आत आणि हृदयविकार आधीच झालेला असल्यास त्याहूनही खाली. म्हणूनच चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना डॉक्टर स्टॅटिन गटातील गोळी सुचवतात. या गोळीने साखर किंचित वाढू शकते हे खरे. परंतु हृदयाला होणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा आहे. स्नायू दुखू लागले, तर गोळी परस्पर न थांबवता डॉक्टरांना सांगावे. आणि रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे आला, हे विसरू नये.

चौथे मूत्रपिंडाचे. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासावे. लघवीतून अल्ब्युमिन झिरपू लागणे ही मूत्रपिंडाप्रमाणेच हृदयाच्या धमन्यांनाही असलेल्या धोक्याची सूचना असते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ येते, अशा औषधांचा एक गट गेल्या दशकात पुढे आला. साखर उतरवण्याबरोबरच योग्य रुग्णांत तो हृदय व मूत्रपिंड यांचेही रक्षण करतो. यांतील काही औषधे आता जेनेरिक स्वरूपातही मिळतात. ती आपल्याला योग्य आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पाचवे तंबाखूचे. आपल्या घरात हा विषयच नाही, असे म्हणून हे पान उलटू नये. दुकानातील नोकर, शेतावरील गडी, मशेरी लावणाऱ्या घरकामाच्या बाई, ही माणसेही आपल्याच परिवारातील आहेत. तंबाखू ओढलेली असो वा तोंडात धरलेली, हृदयाला ती वैरीच आहे.

ॲस्पिरिनविषयी एक शब्द. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून अनेक जण ती मनानेच सुरू करतात. ज्यांना हृदयविकार झालेला नाही, अशांपैकी अनेकांत रक्तस्रावाचा धोका तिच्या लाभाइतकाच ठरतो. तिचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

पुरावा काय सांगतो

ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्याने मधुमेह आढळलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवर सुरू झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. साखरेवरील काटेकोर नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंड यांची हानी स्पष्टपणे कमी झाली. परंतु ज्या गटाचा रक्तदाब अधिक कसोशीने उतरवला, त्या गटात मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. दोन्ही गटांतील वरच्या आकड्याचा फरक केवळ १० अंकांचा होता.

डेन्मार्कमध्ये १६० मधुमेहींवर याहून पुढचा प्रयोग झाला. या सर्वांच्या लघवीतून अल्ब्युमिन झिरपू लागलेले होते. निम्म्यांवर नेहमीचे उपचार झाले. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांकडे एकाच वेळी लक्ष पुरवले गेले. सुमारे आठ वर्षांनंतर दुसऱ्या गटातील हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना जवळजवळ निम्म्यावर आल्या. एकवीस वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हा त्या गटातील माणसांना सुमारे आठ वर्षांचे अधिक आयुष्य लाभले होते. आठ वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहणे, नातवाला दुकानाच्या गादीवर बसलेला पाहणे.

शाकाहारी स्वयंपाकघरात

आपण शाकाहारी आहोत, म्हणजे हृदय आपोआप सुरक्षित आहे, अशी अनेकांची श्रद्धा असते. शाकाहाराचे गुण खरेच आहेत. पण फरसाण, गाठिया आणि शेव हेही शाकाहारीच असतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य झाली, की तिची जागा पुष्कळदा तळलेले बेसन, पापड आणि लोणचे घेतात. त्या दिवशी ताटातील तंतू घटतात आणि मीठ-तेल वाढते. त्याऐवजी मूग, मटकी, कुळीथ, बाजरी यांचा साधा स्वयंपाक केला, तर नियमही पाळला जातो आणि हृदयही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत असावे. पापड-लोणच्यातले मीठ यातच मोजायचे आहे. तूप वर्ज्य नाही. पण ते चमच्याने मोजावे, धारेने वाढू नये.

आपल्या धर्मपरंपरेने बाह्य तपांत ऊनोदरी आणि रसपरित्याग यांना स्थान दिले आहे. भुकेहून थोडे कमी खाणे आणि तूप, तेल, गूळ-साखर अशा रसांचा त्याग करणे. त्यांचा हेतू आत्मसंयमाचा आहे, औषधोपचाराचा नव्हे. परंतु मधुमेहीच्या देहाला नेमका याच सवयींचा आधार मिळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियमही तसाच हितकर आहे, मात्र दुपारी चारपासून फराळाचा डबा उघडा राहत नसेल तरच.

आणखी एक गोष्ट शाकाहारी मधुमेहींनी जाणून घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारात जवळजवळ नसतेच, दूध-दह्यातून मर्यादित मिळते. मधुमेहात सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध त्याचे शोषण आणखी कमी करते. पायांना मुंग्या येणे, बधिरपणा, थकवा ही लक्षणे मधुमेहाची म्हणून सोडून दिली जातात आणि खरी कमतरता तशीच राहते. बी-१२ ची तपासणी करून घ्यावी आणि गरज असल्यास पूरक औषध घ्यावे.

तप आणि औषधाची गोळी

चातुर्मास आला, की घराघरांत तपश्चर्येचा उत्साह संचारतो. अठाई, वर्षीतप, आयंबिलची ओळी. हा उत्साह आपल्या समाजाचे भूषण आहे. परंतु मधुमेहीने पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांप्रमाणेच डॉक्टरांनाही विचारले पाहिजे आणि तेही दोन-तीन आठवडे आधी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्याने अन्न थांबवले आणि औषध तसेच चालू ठेवले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. ‘फ्लोझिन’ गटातील औषध चालू असताना दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर धोका असतो आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो लवकर ओळखू येत नाही. चौविहार उपवासात पाणीही नसल्याने रक्तदाब व मूत्रपिंड यांवर ताण पडतो.

याउलट दुसरी चूक अधिक गुपचूप घडते. उपवास आहे म्हणून आठ दिवस सर्वच गोळ्या बंद केल्या जातात: रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर गुठळी होऊ न देणारीही. ही शेवटची गोळी मनाने थांबवणे प्राणावर बेतू शकते. पच्चक्खाणातच आगारांची, म्हणजे अपवादांची योजना आहे आणि तप यथाशक्ती करावे असेच शास्त्रकारांनी सांगितले आहे. देहाला झेपेल असे एकासन, बियासन किंवा ऊनोदरी हेही तपच आहे. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटल्यावर उपवास सोडणाऱ्या आजींना कोणी कमी लेखू नये, ही जबाबदारी साऱ्या संघाची आहे. आणि उपवास करणाऱ्यांचे पारणे मुगाच्या पाण्याने हळूहळू व्हावे, मिष्टान्नाच्या ताटाने नव्हे.

‘गॅस झाला असेल’

दीर्घकाळच्या मधुमेहात नसांची संवेदना कमी होते. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, थंड घाम सुटणे, जबड्यात, खांद्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता, कारण नसता आलेला कमालीचा थकवा, एवढीच लक्षणे असू शकतात. स्त्रियांत असे अधिक वेळा घडते; आणि आपल्या घरांतील स्त्रिया स्वतःचे दुखणे सर्वांची ताटे वाढून झाल्यावरच बोलून दाखवतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा खाण्यात गेलेला तास हृदयाच्या स्नायूचा तास असतो.

जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे. म्हणून अशा वेळी पुण्याचा मोठा दवाखाना कोणता, याची चर्चा करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या, ई.सी.जी. काढता येईल अशा रुग्णालयात पोहोचावे. पुढे कोठे न्यायचे, हे त्या कागदावरून ठरते. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये.

संघाला एक विनंती

महावीर जयंतीला किंवा दीक्षा-दिनाला आपले संघ आरोग्य-शिबिरे भरवतात. त्यांत बहुधा बोटातून रक्त काढून साखर तपासली जाते आणि चिठ्ठी हातात दिली जाते. यापुढे त्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि कंबर मोजण्याची टेप असावी. ज्यांचे आकडे वाढलेले आढळतील, त्यांना महिन्याभराने पुन्हा बोलावणारी एक वही असावी. शिबिर गावात भरते तसे आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी वाड्यांवरही भरावे. तेथील माणसाला तपासणीसाठी खाली येण्यातच दिवस घालवावा लागतो. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या सर्वांसाठी रक्तदाब व साखर यांची तपासणी मोफत असते, हेही तेथे आवर्जून सांगावे.

आणि घरासाठी? दिवाळीत आपण वहीपूजन करतो. नव्या वहीवर शुभ-लाभ लिहितो. त्याच दिवशी घरातील प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या नावाने एक पान उघडावे. त्यावर पाच रकाने आखावेत: साखर, रक्तदाब, एल.डी.एल., मूत्रपिंड, तंबाखू. कंबरेचा घेर समासात लिहावा. वर्षभर जे आकडे येतील ते तेथे भरावेत आणि डॉक्टरांकडे जाताना ते पान बरोबर न्यावे. पुढच्या दिवाळीला जुनी वही मिटताना त्या पानावरूनही एकदा नजर फिरवावी. एखादा रकाना कोरा राहिलेला दिसला, तर तो हिशेब त्याच आठवड्यात पुरा करावा.